सगळे एकाच बाजूला

पावसाळ्यात फोंड्यात संध्याकाळी बाहेर पडायचं म्हणजे छत्री सांभाळा, चिखल तुडवा आणि परत आल्यावर ओले कपडे कुठे वाळत घालायचे ते शोधा. त्यामुळे सध्या जेवणं उरकली की आमच्याकडे टेबलावर खेळ मांडले जातात. भाचा वेर्ण्याला नोकरीला लागलाय, आमच्याकडेच राहतो, आणि त्याच्या सामानात कपड्यांपेक्षा खेळांचे डबे जास्त. सगळे एकाच जातीचे: एकमेकांविरुद्ध खेळायचंच नाही, सगळ्यांनी मिळून खेळाला हरवायचं. आमच्या बाबांची, म्हणजे सासऱ्यांची हयात मेंढीकोटात गेलेली. त्यांचा पहिला प्रश्न, "मग हरल्यावर चिडवायचं कोणाला?"

सुरुवात पँडेमिकने झाली. २००८ सालचा खेळ. जगाच्या नकाशावर ४८ शहरं, चार रोग, आणि आपण त्यांच्यामागे धावायचं. मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता सगळी आहेत. बाबांनी चष्मा लावून गोवा शोधला, मिळाला नाही, तर म्हणाले, "बरं झालं, आपण सुटलो." खेळ सुंदर आहे, पण सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसले तरी चालतात, आणि तिथेच घोळ होतो. भाच्याला खेळ पाठ. "मामी, तुम्ही कराचीला जा. आजोबा, तुम्ही तो पत्ता मामाला द्या." आम्ही तिघं फक्त सोंगट्या सरकवायला. शेवटी बाबा कोकणीवर आले, "म्हजें म्हाका खेळूंक दी!" त्या रात्री रोग आटोक्यात आले, पण ते एकट्या भाच्याने आणले.

म्हणून मला बोलण्यावर बंदी असलेले खेळ जास्त आवडायला लागलेत. हनाबीत आपले पत्ते आपल्यालाच दिसत नाहीत, तोंड समोरच्यांकडे करून धरायचे. इतरांनी मोजक्या खुणा द्यायच्या, एक तर रंग सांगायचा नाहीतर आकडा. वीज गेली आणि इमर्जन्सी दिव्याखाली पांढरा कुठला नि पिवळा कुठला हेच कळेना, तेव्हा मात्र डबा बंद केला. द माइंडमध्ये एक ते शंभरचे पत्ते एक अक्षर न बोलता चढत्या क्रमाने टाकायचे. भाचा त्यावर फिदा आहे. मला तो खेळ कमी आणि श्वास रोखून बसणं जास्त वाटतं.

द क्रू मात्र घरात रुजला. २०१९ मध्ये जर्मनीत आला, पुढच्या वर्षी तिथला जाणकारांसाठीचा मोठा पुरस्कारही मिळाला. नावाला अंतराळमोहीम, पण आत आपलाच ऐवज: उतारी, रंगाला रंग, हात करणं आणि हुकूम. हुकमाला रॉकेट म्हणतात, एवढंच. फरक असा की अमुक पत्ता अमुक माणसाच्याच हातात पडला पाहिजे, आणि काय आहे नि काय नाही हे तोंडाने सांगायचं नाही. एका डावात प्रत्येकाला एकदाच एक पत्ता उघडा मांडता येतो. त्यावर सोंगटी वरच्या टोकाला ठेवली तर हा माझा त्या रंगातला सर्वात मोठा, खाली ठेवली तर सर्वात लहान, मध्ये ठेवली तर एकुलता एक.

परवाचा डाव सांगते. मला गुलाबी चार मिळवायचा होता. भाच्याने तो मांडला, सोंगटी खाली. माझ्याकडे गुलाबी अठ्ठी. नव्वी कोणाकडे, पत्ता नाही. मी अठ्ठी उतरले आणि कोणी नव्वी टाकली की संपलं. तेवढ्यात यांनी निळा उतरला. बाबांकडे निळा नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, गुलाबी नव्वी काढली आणि सरळ टाकून दिली. त्यांच्याकडे गुलाबीतला तो एकच होता. मेंढीकोटात एवढा मोठा पत्ता फुकट घालवणाऱ्याला बाबांनी रात्रभर सोडलं नसतं! हात मी रॉकेटने घेतला, अठ्ठी उतरले, भाच्याचा चार अलगद माझ्याकडे आला.

भाचा म्हणाला, "आजोबा, हे मला सुचलं नसतं." बाबांनी ऐकलं, पण ऐकल्याचं दाखवलं नाही. पिसायला पत्ते ओढले.

डब्यात ५० मोहिमा आहेत आणि आम्ही अजून अर्ध्यावरही नाही. चवथीला, म्हणजे गणपतीत, घर भरेल तेव्हा काय करायचं हा खरा प्रश्न, कारण हा खेळ जास्तीत जास्त पाच जणांचा. शिवाय डिचोलीचे चुलतसासरे येणार, आणि हातातले पत्ते मोठ्याने वाचल्याशिवाय त्यांना खेळताच येत नाही. त्यांना माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळापानांची सजावट, बांधायला बसवायचं, असं बाबांनी आत्ताच ठरवून टाकलंय.