चार वाजताचा फोन

केनियाला जायचं ठरलं तेव्हा तिकिटं, व्हिसाच्या जागी आलेली ऑनलाइन परवानगी, यलो फीव्हरची लस ही सगळी कामं नवऱ्याने अंगावर घेतली. माझ्याकडे एकच काम होतं, साताऱ्याला एकट्या राहणाऱ्या माझ्या आईशी रोज बोलता येईल एवढं बघायचं. तेच सगळ्यात अवघड निघालं.

आई ७८ वर्षांची. बाबा गेल्यापासून रोज दुपारी चारला, तिचा चहा झाला की मी पुण्याहून फोन करते. तीन वर्षांत हा फोन चुकलेला नाही. तिच्याकडे बटणांचा फोन आहे, व्हॉट्सअ‍ॅप नाही, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर नवा फोन शिकायची तिची इच्छाही नाही. त्यामुळे 'हल्ली सगळीकडे वायफाय असतं गं' असं जो तो सांगत होता, त्याचा मला उपयोग नव्हता. मला तिथून सरळ, साधा फोन लागायला हवा होता.

निघण्याआधीच्या रविवारी साताऱ्याला गेले. कालनिर्णयचं ऑगस्टचं पान उघडून आमच्या प्रत्येक मुक्कामाचं नाव त्या त्या तारखेच्या चौकोनात लिहिलं. नैरोबी, नाकुरू, मग चार चौकोन मसाई मारा, शेवटी नैवाशा. शेजारच्या काकूंकडे एक कागद दिला. त्यावर कॅम्पांची नावं, त्यांचे नंबर, गाडीच्या ड्रायव्हरचा नंबर, नैरोबीतल्या ऑफिसचा नंबर. त्याच कागदाचा फोटो बंगळूरला दादाला पाठवला. हे सगळं अर्ध्या तासाचं काम, पण पुढे नवी सोय ठरवताना हाच कागद कामी आला, म्हणून आधी सांगून ठेवते.

नैरोबीच्या जोमो केन्याटा विमानतळावर बाहेर पडायच्या आधीच सिमकार्डाचे काउंटर लागतात. सफारीकॉमचं घेतलं. पासपोर्ट दाखवला, फोटो काढला, दहा मिनिटांत नवा नंबर चालू. माझ्या फोनमध्ये दोन सिमं बसतात. पुण्याचं सिम काढायचं नाही, त्याचं रोमिंग घरूनच चालू करून घ्यायचं, पण डेटा मात्र बंद ठेवायचा. बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. नव्या सिमवर डेटाचा पॅक मारला आणि परदेशी बोलण्यासाठी एअरटाइम वेगळा भरला. हे दोन वेगळे असतात हे त्या काउंटरवरच्या मुलीने विचारलं म्हणून कळलं. डेटाच्या पॅकमधून साधा फोन लागत नाही. शिल्लक किती ते *१४४# दाबून दिसते.

काउंटरजवळच बाकावर बसून आईला फोन लावला. दोन रिंगा, आणि कट. पुन्हा लावला, कट. तिसऱ्यांदा तर पहिल्याच रिंगेला कट. हातपाय गार पडले माझे. मग काकूंना व्हॉट्सअ‍ॅपवर गाठलं. त्या पाच मिनिटांत आईकडे जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "अगं, परदेशातून फसवणुकीचे फोन येतात, उचलू नका म्हणून फोनवरच सांगतात ना. तिला दिसला २५४ वाला नंबर. कापला तिने." आईचं अगदी बरोबर होतं. चूक माझी होती, नवा नंबर आधी काकूंना कळवून मगच फोन करायला हवा होता. काकूंनी माझं नाव टाकून तो नंबर आईच्या फोनमध्ये भरला. शिवाय फोनच्या पाठीला पट्टी चिकटवली, '२५४ म्हणजे ताई'. मी परत आले तेव्हाही ती पट्टी तिथेच होती, हळदीच्या बोटांनी पिवळी झालेली.

आता वेळेचा हिशोब. केनिया आपल्यापेक्षा अडीच तास मागे. संध्याकाळची सफारी संपवून कॅम्पवर यायला साडेसहा होतात, म्हणजे साताऱ्यात नऊ, आई गोळी घेऊन आडवी झालेली असते. पण दुपारी उन्हात सिंह झाडाखाली पडून असतात आणि माणसंही जेवायला कॅम्पवर येतात. तिथले दीड म्हणजे साताऱ्यातले बरोब्बर चार! हे लक्षात आलं तेव्हा मला फार बरं वाटलं. आईला तिची वेळ बदलायची गरजच नव्हती. नाकुरूला तळ्याकाठच्या गेंड्यांची गोष्ट तिला चारच्या फोनवरच सांगितली. तिने विचारलं, "श्रावणी सोमवार केलास ना?" केला होता. कॅम्पच्या स्वयंपाक्याने उकडलेले बटाटे आणि दही दिलं होतं.

नाकुरूहून नारोकमार्गे मारा. नारोक हे वाटेतलं शेवटचं मोठं गाव. पैसे, औषधं, बॅटऱ्या जे काही राहिलं असेल ते तिथेच घ्यायचं. पुढे रस्ता चांगला आहे, पण फोनची रेंज एखाद्या टेकडीवर पूर्ण आणि पुढच्या उतारावर काहीच नाही, अशी. आमचा कॅम्प तालेक नदीकाठी होता. तंबूत वीज नाही. चार्जिंग करायचं ते जेवणाच्या मोठ्या तंबूत, एका फळीवर ओळीने प्लग. तेही इंग्लंडसारखे, चौकोनी तीन पिनांचे. आपल्या गोल पिना त्यात बसत नाहीत. अडॅप्टर बरोबर होता म्हणून निभावलं.

पहिल्या दिवशी राखणदाराला विचारलं, वीज कधी येते? तो म्हणाला, "सा कुमी ना म्बिली." जायच्या आधी मी स्वाहिलीचे वीसपर्यंत आकडे पाठ केले होते. कुमी ना म्बिली म्हणजे बारा. मला वाटलं रात्रीचे बारा. फोन तसाच पिशवीत ठेवून दिला. वीज आली सहाला आणि गेली दहाला, आणि माझा फोन चार टक्क्यांवर. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरने समजावलं. स्वाहिलीत तास उजाडण्यापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे एक वाजला, आणि संध्याकाळचे सहा म्हणजे बारा. हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग आपल्या घटकासुद्धा सूर्योदयापासूनच मोजायच्या की." तिच्या आजोबांचं पंचांग तिला आठवलं. तो फोन जरा लांबला, एअरटाइम पुष्कळ गेला, पण तिच्या आजोबांबद्दल मी इतकं कधीच ऐकलं नव्हतं.

मारातल्या तिसऱ्या दिवशी दिवसभराची सफारी होती. डबे घेऊन निघायचं, मारा नदीवर थांबायचं, वाइल्डबीस्टचे, म्हणजे बैलासारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचे, कळप नदी ओलांडतात ते बघायचं. मला वाटलं होतं, दुपारी कुठूनतरी फोन लागेल. अकराच्या सुमाराला नदीवर पोचलो. पलीकडच्या काठावर हजारो जनावरं गोळा झालेली, पुढची पाण्यापर्यंत यायची आणि मागे फिरायची. गाडीत कुणी बोलायचं नाही, इंजिन बंद. एक वाजला, सव्वा झाला. मी फोन काढला तर टांझानियात स्वागत असल्याचा मेसेज! सेरेंगेटीची हद्द तिथून जवळच, पलीकडच्या देशाचं नेटवर्क पकडलं होतं आणि माझ्या केनियाच्या सिमवरून काहीच लागत नव्हतं. सेटिंगमध्ये जाऊन सफारीकॉम हाताने निवडून पाहिलं, तेही मिळेना. पुण्याच्या सिमवरूनही फोन जाईना.

साताऱ्यात पावणेचार वाजले असणार. आईने चहाचं भांडं घासून उपडं घातलं असेल आणि फोन मांडीवर घेऊन खुर्चीत बसली असेल. आमच्याबरोबर गाडीत आणखी चौघं होती. हे दृश्य बघायलाच इतक्या लांब आलेली. रेंजसाठी गाडी मागे वळवा असं म्हणायला माझी जीभ रेटेना.

ड्रायव्हरने आरशात माझ्याकडे पाहिलं. हळू आवाजात विचारलं, काय झालं? मी म्हटलं, आई फोनची वाट बघत असेल. त्याने एक शब्दही न बोलता वायरलेसचा माइक हातात घेतला. हे वायरलेस गाडीगाडीत असतात, सिंह कुठे दिसला ते एकमेकांना कळवायला, आणि कॅम्पवरही एक संच असतो. तो स्वाहिलीत बोलत होता, मला 'मामा' आणि 'इंडिया' एवढंच कळलं. मग मला म्हणाला, "रजिस्टरमध्ये कुणाचा नंबर लिहिलाय?" कॅम्पवर आल्या दिवशी, तातडीच्या वेळी कुणाला कळवावं त्या रकान्यात मी दादाचा नंबर ९१ सकट लिहिला होता. कॅम्पच्या माणसाने तिथल्या वायफायवरून दादाला मेसेज केला, सगळे ठीक आहेत, नदीवर रेंज नाही, रात्री फोन येईल. दादाने काकूंना फोन केला. काकू तशाच चप्पल अडकवून आईकडे गेल्या. चार वाजून वीस मिनिटांनी आईला निरोप मिळाला.

कळप दोनच्या पुढे नदीत उतरला. ते दृश्य सांगायला वेगळा लेख लागेल.

परतीच्या वाटेवर ड्रायव्हरशी बोलले. त्याची आई माचाकोसला असते. तोही तिला रोज रात्री फोन करतो आणि एम-पेसावरून पैसे पाठवतो. २००७ मध्ये सुरू झालेली ही सोय साध्या बटणांच्या फोनवर चालते, इंटरनेट लागत नाही. त्याच्या आईकडेही तसाच फोन आहे. मारातल्या गाड्या किती वेळा वाटेत अडकतात ते तिला माहीत आहे म्हणाला, म्हणून तिला त्याने सांगून ठेवलंय, माझा फोन आला नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत काळजी करायची नाही. मी आईला फोन कधी येईल ते सांगितलं होतं. नाही आला तर काय समजायचं, हे सांगितलंच नव्हतं.

त्या रात्री पावणेसातला, साताऱ्यातल्या सव्वानऊला, फोन लावला. आई जागीच होती. आवाज जरा जड होता, पण रागावली नाही. "तुझ्या त्या ड्रायव्हरला माझा आशीर्वाद सांग," म्हणाली. मग आम्ही दोघींनी नवीन ठरवलं. दिवसभर बाहेर असू त्या दिवशी फोन पहाटे, निघायच्या आधी करायचा. तिथले साडेपाच म्हणजे साताऱ्यात आठ, तिची पूजा उरकलेली असते. आणि दोन्ही वेळा नाही आला तर काकूंकडच्या कागदावरून दादाने कॅम्पला मेसेज करायचा. तिने मला हे सगळं परत म्हणून दाखवायला लावलं, मग तिनेही म्हणून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तंबूबाहेर उभी राहून फोन केला. अंगावर शाल, हातात कॅम्पचा चहा. बोलणं चालू असतानाच नदीच्या वरच्या बाजूने सिंह ओरडायला लागला. तो आवाज कानात नाही, छातीत बसतो. मी फोन त्या दिशेला धरला. पलीकडून काही क्षण काहीच नाही. मग आईचा मोठ्ठा आवाज, मला नाही, भिंतीपलीकडे, "अहो, लवकर या! सिंह ओरडतोय!"

काकू येईपर्यंत सिंह थांबला होता. पाण्यात पाणघोडे तेवढे घुरघुरत होते, तेच ऐकवले. काकूंनी विचारलं, "हे कोण आता?"

"पाणघोडा."

"बरं," आई म्हणाली, "उद्या सिंहाच्या वेळेला लाव. मी हिला आधीच बोलावून ठेवते."