बडोद्याहून खाडीवर गरवायला : षष्ठीची सुकती आणि आईचा अबोला

आम्ही बडोद्याचे सीकेपी, दांडिया बाजारातली चौथी पिढी, म्हणजे मासा रक्तात आणि समुद्र गावात नाही. जन्मभर बर्फातले मासे खाल्ले. स्वतः पकडायचं खूळ शिरलं चाळिशीत, रात्री मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून, आणि मग जे व्हायचं तेच झालं, आधी सामान घेतलं, अक्कल नंतर आली.

सामान म्हणजे दोन तुकड्यांचा रॉड, ४००० साईझचा रील, ब्रेड लाईन म्हणजे विणलेली दोरी, तिच्या पुढे बांधायचा जाड दोरीचा तुकडा म्हणजे लीडर, आणि सात-आठ ल्युअर, म्हणजे हुक लावलेले खोटे मासे. ब्रेड आणि लीडर जोडायची ती एफजी नॉट शिकायला मला दोन आठवडे लागले, रोज टीव्हीसमोर बसून गाठ मारायची आणि ओढली की सुटायची, बायको म्हणाली त्यापेक्षा स्वेटर विण.

फेकायची प्रॅक्टिस कुठे करणार? विश्वामित्री घराजवळ, पण त्यात मगरी, तिथे काठावर उभं राहून पाण्यात चमकणारं काहीतरी ओढत बसायची माझी हिंमत नाही. मग नवलखी मैदानात गेलो, ल्युअरचे हुक काढून. सकाळी क्रिकेट खेळणारी पोरं येऊन विचारायची, ‘अंकल, पतंग क्यां?’

जवळचा समुद्र म्हटला तर खंभातचं आखात. कावी-कंबोईला घरच्यांना घेऊन गेलोही, तिथला स्तंभेश्वर महादेव भरतीला पूर्ण पाण्याखाली जातो आणि ओहोटीला परत बाहेर येतो, बघण्यासारखं आहे. पण पाणी म्हणजे नुसता गाळाचा चहा, ओढ भयंकर. ल्युअर हा माशाला दिसला तरच खेळ, इथे मलाच माझे पाय दिसत नव्हते. त्यात देवाच्या दारात गळाचा विषय काढल्यावर आईने असे डोळे वटारले की तो नाद तिथेच सोडला.

राहिलं कोकण. आतेभाऊ मालवणजवळ असतो, कर्ली खाडीच्या अलीकडे. रॉड मोडू नये म्हणून पीव्हीसी पाईपमध्ये घालून ट्रेनने नेला, समोरच्या सीटवरचे काका म्हणाले, ‘प्लंबिंगनुं काम करो छो?’ मी हो म्हटलं, कोण समजावणार.

पहिली फेरी मे महिन्यात, कारण पोरांना सुट्टी. चूक. दुपारनंतर वारा असा की ल्युअर पुढे फेकला तर बाजूला पडायचा, लाटा खडकावर फुटत होत्या, आणि पुढे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी म्हणून सगळे शेवटच्या घाईत, मला शिकवायला कोणाला वेळ नव्हता. तीन दिवसांत दोन ल्युअर खडकांना वाहिले.

दुसरी फेरी नवरात्रात, सगळं बडोदं गरब्यात आणि मी अष्टमीला खाडीवर. पाऊस गेलेला, पाणी निवळत आलेलं, वाटलं आता नक्की. सकाळभर फेकत होतो, पाणी जागचं हलेना, मासाही हलेना. एक म्हातारे होडीवाले काका बराच वेळ बघत होते, शेवटी म्हणाले, ‘आज भांगाचा पाणी, काय गावूचा नाय.’ मग त्यांनी जे सांगितलं ते एकाही व्हिडिओत नव्हतं. तिथीची पाऊणपट करायची, आली भरतीची वेळ. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे पहाटे साडेचारला भरती पूर्ण, दुसरी साधारण साडेबारा तासांनी. पुनवेला-अमावास्येला उधाण, पाणी जोरात आणि पालापाचोळा फार, अष्टमी-नवमीला भांग, पाणी मेलेलं. गरवायचं तर मधले दिवस धरायचे आणि सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की उभं राहायचं, कारण पाणी उतरताना कांदळवनातली बारीक मासळी आणि कोळंबी बाहेर निघते आणि मोठा मासा तोंडाशी दगडाआड वाट बघत असतो. मला हे पटायला वेळ लागला नाही, रिकाम्या हाताने उभं राहिलं की सगळं पटतं.

घरी आल्यावर कालनिर्णयवर षष्ठी-सप्तमीला गोल करायला लागलो, सासूबाईंना वाटलं जावयाने उपास धरले.

तिसरी फेरी भाऊबीज आटपून. लाभपाचमेला बडोद्यातली दुकानं उघडतात, मी तेव्हा ट्रेनमध्ये होतो. दुसऱ्या दिवशी कार्तिक शुद्ध षष्ठी, उजाडायच्या आत खाडीच्या तोंडाशी, पाणी उतरायला लागलेलं आणि कडेने बोयटं उड्या मारत होती. चौथ्या की पाचव्या फेकीला असा झटका बसला की रॉड हातातून जाता जाता राहिला. मासा पाण्याबाहेर आला, डोकं जोरात झटकलं आणि लाईन सैल. लीडर कापल्यासारखा तुटला होता. काका म्हणाले खजुरो, म्हणजे रायगडकडचा जिताडा, त्याच्या कल्ल्याच्या कडा सुरीसारख्या असतात. मी दगडावर बसून राहिलो, पाय थरथरत होते, खोटं कशाला बोलू.

मग आणखी जाड लीडर बांधला, रीलचा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटायचा ब्रेक, आवळला. अर्ध्या तासाने तांबोशी लागली, दीडेक किलोची, थेट कांदळवनाच्या मुळांकडे पळायला बघत होती, पण या वेळी लाईन सोडली नाही. दात बघून तोंडात बोट घालायचा विचार रद्द केला, पक्कडीने हुक काढला. दुपारी वहिनीने तिरफळ घालून तिचं कालवण केलं, त्याबद्दल लिहायला लागलो तर हा लेख संपायचा नाही.

पाणी तळाला जायच्या आधी एक जिताडाही लागला, वीतभराहून थोडा मोठा. जिताडा आधी नर असतो आणि वाढला की मादी होतो, हे मी वाचलेलं, म्हणजे हा अजून नुसता पोरगा. सोडला. काकांनी काही न बोलता मान हलवली, होकार होता की नकार ते कळलं नाही.

आईचं मात्र स्पष्ट कळलं. फोनवर फोटो बघून तिने एवढंच विचारलं, ‘जिताडा मिळाला आणि तू सोडलास?’ आणि फोन बाबांकडे दिला. आज तिसरा दिवस.