ई-बाईकच्या टायरमध्ये हवा किती ठेवायची?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. ई-बाईक घेतलेली माणसं भेटली की बोलणं फिरून फिरून इथेच येतं: "टायरमध्ये हवा किती ठेवायची, आणि किती दिवसांनी बघायची?" ई-बाईक म्हणजे इथे पॅडल मारायची, मोटरची साथ असलेली सायकल. इलेक्ट्रिक स्कूटरचा हिशेब वेगळा.

थोडक्यात सांगायचं तर टायरच्या बाजूवर छापलेल्या किमान आणि कमाल आकड्यांच्या मधली हवा ठेवायची, मागच्या चाकात पुढच्यापेक्षा थोडी जास्त, आणि आठवड्यातून एकदा गेज (हवेचा दाब मोजायचं साधन) लावून बघायचं. पण एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही. लगेच पुढचं येतं: "साध्या सायकलला कधी गेज लावलं होतं आपण? अंगठ्याने दाबून बघायचो, चालायचं की." मला खरं बोलायचंय ते याच प्रश्नाबद्दल.

साध्या सायकलची हवा कमी झाली की पहिली खबर पायांना लागते. रोजचाच चढ जड वाटतो, सायकल मागे ओढते, आणि आपण आपोआप खाली वाकून टायर बघतो. ई-बाईकवर ही खबर आपल्यापर्यंत येतच नाही. हवा कमी असली की टायर दर फेऱ्याला जास्त दबतं, त्या दबण्यात ताकद वाया जाते, आणि ती ताकद मोटर गुपचूप भरून काढते. पाय हलकेच राहतात, वेगही तोच दिसतो. फक्त बॅटरी लवकर उतरते. म्हणून ई-बाईकला गेज लागतं. जे काम पाय करत होते ते आता गेजने करायचं.

ओळखीच्या एका ताईंना वाटत होतं की त्यांची बॅटरी म्हातारी झाली. पूर्वी कामावर जाऊन आल्यावरही बरीच शिल्लक असायची, आता घर येईपर्यंत शेवटची काडी लुकलुकायला लागते. नवी घ्यावी का, असं विचारायला आल्या होत्या. मी आधी गेज लावलं. मागच्या टायरमधली हवा किमान आकड्याच्याही बरीच खाली होती. हवा भरून दिली, थोडे दिवस चालवून बघा म्हटलं, आणि नव्या बॅटरीचा विषय त्यांनी स्वतःच बाजूला ठेवला. बॅटरी वयाने कमजोर होते हे खरंच आहे. पण तिच्यावर खर्च करण्याआधी टायर बघायला पाच मिनिटं लागतात.

दुसरं कारण वजनाचं. साधी सायकल साधारण 12 ते 15 किलोची, तर ई-बाईक 20 ते 28 किलोची, कधी त्याहूनही जड. तुम्ही 75 किलोचे आणि बाईक 25 किलोची धरली तर झाले 100 किलो. त्यातला साठेक टक्के भार मागच्या चाकावर येतो. मोटर मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधोमध असेल तर आणखी थोडा. मागच्या टायरमध्ये 50 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवा असेल, तर त्या चाकावरचा भार ढोबळमानाने 17 चौरस सेंटिमीटर रबरावर उभा असतो, म्हणजे काडेपेटीच्या वरच्या मोठ्या बाजूएवढ्या जागेवर. हवा निम्मी झाली की टेकणारी जागा जवळजवळ दुप्पट होते. ती वाढीव जागा मिळते टायर चपटं होऊन, म्हणजे रिम जमिनीच्या तेवढी जवळ आलेली असते.

मग खड्डा आला की काय होतं? टायर आणि ट्यूब रिमच्या दोन कडा आणि खड्ड्याची धार यांच्यामध्ये चेंगरतात. अशी ट्यूब बाहेर काढून थोडी फुगवली की एकमेकींशेजारी दोन बारीक चिरा दिसतात, मध्ये रिमच्या रुंदीएवढं अंतर. खिळा नाही, काच नाही, टायरमध्ये हात फिरवून काहीच लागत नाही, आणि माणूस ट्यूबच्या दर्जाला दोष देत बसतो. दोन जोड चिरा दिसल्या की कारण बहुतेक हवा कमी असणं हेच असतं. ई-बाईकचा सरासरी वेगही जास्त असतो, त्यामुळे तोच खड्डा जास्त जोरात लागतो.

आणखी एक खूण मी नेहमी बघायला सांगते, कारण तिला गेजही लागत नाही. चाकाच्या बाजूला बसा आणि व्हॉल्व्ह बघा. तो रिममधून सरळ, चाकाच्या मध्याकडे तोंड करून उभा असायला हवा. तिरका झुकलेला दिसला तर समजा की टायर रिमवर सरकलंय. हबची मोटर सुरू होताना चाकाला जोराचा हिसका देते, डिस्क ब्रेक उलट्या दिशेने तसाच हिसका देतात. हवा कमी असेल तर टायरची रिमवरची पकड सैल पडते, ते तसूतसूने फिरतं आणि ट्यूबला सोबत ओढतं. व्हॉल्व्ह मात्र रिमच्या भोकात अडकलेला. शेवटी ट्यूब व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटते, आणि तिथे पॅच बसत नाही. झुकलेला दिसला तर सगळी हवा सोडा, टायर हाताने उलट सरकवून व्हॉल्व्ह सरळ करा, मग नीट हवा भरा.

हे एवढं सांगते कारण हबमध्ये मोटर असलेलं चाक काढणं कटकटीचं असतं. मोटरची केबल सोडवायची, जाड नट पान्याने ढिले करायचे, अॅक्सलचे वॉशर कुठल्या बाजूला कसे होते ते लक्षात ठेवायचं. रस्त्याच्या कडेला, जड बाईक उलटी ठेवून, हे कुणालाच नको असतं.

आता आकडा. टायरची बाजू ओल्या फडक्याने पुसा आणि उजेड तिरका पडेल असा टॉर्च धरा. काळ्या रबरावरची काळी अक्षरं तशीच वाचता येतात. 47-622 किंवा 50-559 असं काही दिसेल, ते माप: पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. त्याच्या आसपास दाब लिहिलेला असतो, पीएसआयमध्ये आणि बारमध्ये. 1 बार म्हणजे साधारण 14.5 पीएसआय. काही टायरवर फक्त कमाल आकडा असतो. रिमवरही कमाल दाब लिहिलेला असेल तर दोन्हींतला जो कमी तो पाळायचा. शेजाऱ्याच्या बाईकचा आकडा आपल्या बाईकला लावू नका, कारण टायर जितकं रुंद तितका दाब कमी लागतो. दोन इंची टायरला 35 ते 50 पीएसआय पुरतं, तर चार इंची जाड टायर 10 ते 20 वरही मजेत धावतं. त्यात 45 भरायला गेलात तर धोका आहे.

दोन आकड्यांमधला आपला आकडा प्रत्येकाने स्वतः शोधायचा. मी मध्यापासून सुरुवात करायला सांगते, मागे पुढच्यापेक्षा 4-5 पीएसआय जास्त. मग नेहमीच्या रस्त्यावर चालवा. गतिरोधकावर रिम ठेचल्यासारखी वाटली, वळणावर मागचं चाक लिबलिबलं, तर 2-3 ने वाढवा. बारीक खडीवरही हाताला मुंग्या येत असतील आणि चाक रस्त्याला धरून न राहता उडत असेल, तर तेवढंच कमी करा. अमेरिकी सायकलतज्ज्ञ फ्रँक बर्टो यांनी टायर भाराखाली किती दबतं ते मोजून, उंचीच्या साधारण 15 टक्के दबणं योग्य, असं मांडलं होतं. तुम्ही बाईकवर बसलेले असताना दुसऱ्या कुणाला मागचं टायर बघायला सांगितलं तर त्याचा अंदाज येतो. आकडा सापडला की चिकटपट्टीवर लिहून फ्रेमवर, बॅटरीच्या आडोशाला लावून ठेवा. मागे मूल किंवा सामान बसणार असेल तेव्हा मागच्या चाकात वाढवा, पण कमाल आकडा ओलांडू नका.

"जास्त भरली तर बॅटरी जास्त चालेल ना?" असंही विचारतात. गुळगुळीत रस्त्यावर थोडाफार फरक पडतो. खडबडीत रस्त्यावर दगडासारखं फुगवलेलं टायर प्रत्येक उंचवट्यावर अख्खी बाईक वर उचलतं, त्यातही ताकद जातेच, आणि ओल्या रस्त्यावर पकड कमी होते. जॉन बॉइड डनलॉप यांनी 1888 साली हवेचं टायर केलं ते मुलाच्या तिचाकीला बसणारे हादरे कमी व्हावेत म्हणून. त्या हवेचा तो उपयोग मला अजूनही सगळ्यात मोठा वाटतो, विशेषतः सस्पेन्शन नसलेल्या बाईकवर.

अंगठ्याबद्दल सांगायचं राहिलं. ई-बाईकच्या टायरमध्ये बहुधा पंक्चर-रोधक जाड थर असतो. अशा टायरवर अंगठ्याला 30 आणि 45 मधला फरक कळत नाही, दोन्ही घट्टच लागतात. गेज साधं असलं तरी चालेल, पण एकच वापरा आणि तेच वापरत राहा. दोन गेज एकमेकांशी पूर्ण जुळतीलच असं नाही. गाडीसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर टोपी काढून सरळ लावायचं. बारीक, लांब प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर टोकाची चकती आधी ढिली करायची, बोटाने एकदा हलकेच दाबून "फुस्स" झालं की मगच पंप किंवा गेज लावायचं, नाहीतर आतली पिन चिकटलेली राहते. जुन्या पद्धतीच्या डनलॉप व्हॉल्व्हवर गेजने आतला दाब कळत नाही. तिथे गेजवाल्या पंपाने भरतानाच काटा बघावा लागतो.

मोजायचं ते बाईक सावलीत, थंड असताना. उन्हात उभी राहिली किंवा नुकतीच धावून आली की आकडा फुगलेला दिसतो. हवामान 20 अंशांनी गार झालं तर 50 पीएसआयचं टायर कुठलंही भोक नसताना साधारण 4 पीएसआयने उतरतं. त्यातून रबरातून हवा हळूहळू झिरपतच असते, हे चांगल्या ट्यूबलाही चुकत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा, आणि ऋतू पालटला की आठवणीने. बाईक महिनोन् महिने उभी राहणार असेल तरी मधूनमधून हवा भरा. बसलेल्या टायरवर जड बाईक उभी राहिली की बाजूच्या रबराला भेगा पडतात.

एकाच चाकाची हवा दर आठवड्याला दुसऱ्यापेक्षा जास्त उतरत असेल तर ते झिरपणं नव्हे. व्हॉल्व्ह वर येईल असं चाक फिरवा आणि त्याच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा थेंब ठेवा. बुडबुडा आला तर कोर, म्हणजे व्हॉल्व्हच्या आतला पिनेचा भाग, ढिला आहे; तो कोरच्या छोट्या पान्याने घट्ट करा, चाक काढावं लागत नाही. बुडबुडा आला नाही तर ट्यूब बाहेर काढून पाण्यात बुडवावी लागेल, आणि मोटर त्या चाकात असेल तर त्याआधी केबलचा आणि वॉशरचा फोटो काढून ठेवा.