जुन्या लेथवर मापात काम येतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. शेडमध्ये आलेला जवळजवळ प्रत्येक जण लेथवरून, म्हणजे लोखंडाचा तुकडा फिरवत त्याला कापून गोल करणाऱ्या माझ्या मशीनवरून, हात फिरवतो आणि हेच विचारतो : "भाऊ, एवढ्या जुन्या मशीनवर मापात काम येते का?" लेथ बंद पडलेल्या एका जिनिंगच्या वर्कशॉपमधला, वजनाच्या भावात घेतलेला. चकाजवळ, म्हणजे तुकडा जबड्यांत धरून फिरवणाऱ्या भागाजवळ, बेड (मशीनचा खालचा लांब पाया) नखाला लागेल इतका झिजलेला. तेव्हा शंका रास्तच आहे. काम मापात येतं, पण बेड ग्राइंड करून आणला म्हणून नाही. तो मी आणलेलाच नाही.

बुश, पिना, पुल्या ही सगळी कामं चकाजवळच होतात, म्हणून झीजही तिथेच. त्या जागी सॅडल, म्हणजे कापणारं टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग, खाली बसते आणि टूलही खाली जातं. आता हिशेब बघा. 50 मिलीमीटर व्यासाच्या जॉबवर, म्हणजे कापायच्या तुकड्यावर, टूल 0.1 मिलीमीटर खाली गेलं, तर व्यासात मिलीमीटरच्या हजाराव्या भागाएवढाही फरक पडत नाही. तेच टूल तेवढंच आपल्या अंगाकडे सरकलं, तर व्यास सरळ 0.2 ने वाढतो. मोटारीच्या शाफ्टवर 6205 नंबरचं, 25 मिलीमीटर भोकाचं बेअरिंग बसवायचं असेल तर 25 मिलीमीटरात शंभराव्या भागांचा प्रश्न असतो. तिथे 0.2 म्हणजे बेअरिंग चढणारच नाही.

टूल आडवं सरकतं ते मुख्यतः बेड पिळल्यामुळे. एक पाय आखूड असलेल्या बाजेसारखा बिडाचा जाडजूड बेडही पिळतो. इतकं जड धूड कसं पिळेल, असं मलाही आधी वाटायचं. आपल्याकडे तर कारण पायाखालीच आहे. काळी माती पावसात फुगते, वैशाखात तिला हात जाईल अशा भेगा पडतात, आणि वरची फरशी तिच्यासोबत हलते. म्हणून लेथखाली मुरूम लागेपर्यंत खोदलं, काँक्रीटचा एकच ठोकळा भरला आणि शेडच्या फरशीपासून तो सुटा ठेवला. या खर्चाला घरचे नाराज होते. पण रंग, पॉलिश, नवीन मोटार या सगळ्यांआधी पैसा इथे लागला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

पीळ बघायला महागडी पाणसळ लागत नाही. चकात जाड गज धरायचा, चकासमोरच्या टोकाला असलेल्या टेलस्टॉकचा आधार द्यायचा नाही. गजाचा मधला भाग बारीक करून चकाजवळ एक आणि बाहेरच्या टोकाला एक असे दोन पट्टे जाड ठेवायचे. मग टूल आत-बाहेर सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडला हात न लावता दोन्ही पट्ट्यांवर एकच हलका कट घ्यायचा आणि मायक्रोमीटर लावायचा. बाहेरचा पट्टा जाड भरला, तर टेलस्टॉककडचा पुढचा, म्हणजे आपल्या बाजूचा, पाय किंचित उचलायचा. बारीक भरला, तर तोच पाय उतरवायचा. बोल्ट कणभर फिरवायचा, पुन्हा कट, पुन्हा माप. दोन्ही आकडे जुळायला अख्खी दुपार जाते, आणि ती दुपार मला मनापासून आवडते. पावसाळा लागल्यावर आणि उन्हाळ्यात ही तपासणी मी चुकवत नाही.

गंजाचं फार मनावर घेऊ नका. रॉकेल, तारेचा ब्रश आणि चिकाटी पुरते. चकाचे जबडे धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून साफ केले. त्यात जबडे निगेटिव्हला आणि साधं भंगार लोखंड पॉझिटिव्हला लावायचं. तिथे स्टेनलेस स्टील लावू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. आणि हे काम उघड्यावरच करा, कारण त्यातून निघणारा हायड्रोजन पेट घेतो.

झिजलेल्या बेडची एक खोड मात्र जात नाही. सॅडलच्या खालच्या पट्ट्या चकाजवळ नीट आवळल्या, तर सॅडल टेलस्टॉककडच्या न झिजलेल्या भागात अडकते. सैल ठेवल्या, तर चकाजवळ ती थरथरते आणि जॉबवर लाटा उठतात. मी चकाजवळच्या कामाच्या हिशेबाने आवळतो आणि लांब शाफ्ट आला की अमरावतीला पाठवतो. थ्रेशरची पिन, पंपाचा बुश, झिजलेली पुली असेल तर घेऊन या, सोबत जुना तुकडाही आणा. तो कुठे आणि कसा झिजलाय, ते बघूनच मी माप ठरवतो.