पाटणादेवीच्या डोंगराहून धाकटा तारा

चाळीसगावहून पाटणादेवीला लोक दिवसा जातात. चंडिकेचं दर्शन, पावसाळ्यात धबधबा, आणि भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, त्याचा १२०७ सालचा इथलाच शिलालेख. मी गेलो जानेवारीतल्या अवसेला, रात्रीसाठी. बघायचा होता बीटा पिक्टोरिस, चित्रफलक तारकासमूहातला एक फिकट पांढरा तारा.

इथून तो क्षितिजाच्या जेमतेम साडेअठरा अंश वर चढतो, आणि दक्षिणेला तर गौताळ्याचा डोंगर. म्हणून देवळापासून मागे सरकून गावाकडच्या एका शिवारात थांबलो. गव्हाला पाणी द्यायला लाइटची वाट बघत जागे असलेले आबा जवळ आले. "काय देखी राहिनात, भाऊ?"

साडेदहाच्या सुमाराला अगस्ती झगझगत होता. त्याच्या उजवीकडे तीन-चार बोटांवर, किंचित वर, आमचा तारा. दुर्बिणीतून स्वच्छ पांढरा. "हाऊ? एवढासा?" आबांचा हिरमोड रास्त होता. दिसायला त्यात काहीच नाही.

पण आकडे बघा. अंतर सुमारे ६३ प्रकाशवर्षं, म्हणजे महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमाराला निघालेला उजेड आम्ही बघत होतो. वस्तुमान सूर्याच्या पावणेदोन पट, उजेड मात्र जवळपास नऊ पट. पृष्ठभाग ८,००० केल्विनच्या आसपास (सूर्याचा ५,८००), म्हणून हा पांढरा. आणि वय? साधारण दोन कोटी वर्षं. समोरचा बेसॉल्टचा डोंगर साडेसहा कोटींचा! लाव्हा थिजून डोंगर झाला तेव्हा हा तारा जन्मायचाच होता. हे मी आधी कागदावर वाचलं होतं, पण दोघांना एकावर एक बघताना जरा गरगरलंच.

तरुणपणाची खूण म्हणजे त्याच्याभोवतीची धुळीची तबकडी. १९८३ मध्ये आयरास उपग्रहाला या ताऱ्याकडून जास्तीचा अवरक्त प्रकाश सापडला. पुढच्याच वर्षी चिलीतून तबकडीचा फोटो निघाला. आपल्याला ती कडेवरून दिसते, त्यामुळे फोटोत ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना नुसती रेघ. इतकी बारीक धूळ ताऱ्याच्या प्रकाशाच्या रेट्यानेच उडून जायला हवी. ती टिकते, कारण आतले दगडधोंडे आपटून नवी धूळ सतत तयार होते. धूमकेतूही ताऱ्याकडे झेपावतात. त्यांचं बाष्प ताऱ्यासमोरून गेलं, की वर्णपटात कॅल्शियमच्या रेषा बदलतात. आपली सूर्यमालाही लहानपणी अशीच धुमसत असणार.

ग्रह दोन सापडलेत. त्यातला बाहेरचा गुरूच्या कितीतरी पट जड, तरी स्वतःभोवती आठ तासांत गिरकी घेतो. आबांना म्हटलं, तिथला दिवस आठ तासांचा.

"म्हंजे आमनी लाइटसारखाच," असं म्हणून ते मोटार चालू करायला गेले.