तुम्ही विचारलंत म्हणून: गोष्टीचं कॅम्पेन की सँडबॉक्स?

टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिका खेळायच्या रोल-प्लेइंग गेममध्ये खेळ चालवणारा तो गेम मास्टर, आणि अनेक बैठका चालणारा सलग खेळ म्हणजे कॅम्पेन. नवे गेम मास्टर मला हमखास विचारतात, ‘कॅम्पेन गोष्टीचं चालवू की सँडबॉक्स, म्हणजे कथानक न ठरवता खेळाडूंना हवं तिकडे फिरू देणारं?’ मी उलट विचारते, ठरलेल्या दिवशी न चुकता कितीजण येणार आहेत?

माझं पहिलं कॅम्पेन गोष्टीचं होतं. राजाचा खून, हरवलेली मुलगी, शेवटी मोठा शत्रू, सगळं ओळीनं बांधलेलं. त्या मुलीचा भाऊ म्हणजे एका खेळाडूचं पात्र. ज्या रात्री ती सापडली, नेमका त्याच रात्री तो खेळाडू आला नव्हता. त्याचे फासे दुसऱ्याने टाकले. ‘तो तिला जवळ घेतो,’ असं मीच सांगितलं आणि टेबलावर कुणी काही बोललं नाही. सहा महिने जपलेला क्षण असा गेला, याचं मला अजून वाईट वाटतं.

तरी गोष्टीचं कॅम्पेन मला मनापासून आवडतं. डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोल-प्लेइंग गेममध्ये १९८४ पासून ड्रॅगनलान्स या मालिकेच्या मोड्यूल्सनी, म्हणजे खेळायला तयार छापील साहसांनी, तयार पात्रांसह सलग महाकथा खेळायला दिली. त्याआधीच्या बऱ्याच मोड्यूल्समध्ये नुसती एक जागा असे, किल्ला किंवा गुहा. पुढचं खेळाडू बघून घेत. अशा कॅम्पेनवर रेलरोडिंगचा, म्हणजे खेळाडूंना एकाच रुळावरून ढकलल्याचा, आरोप होतो. पण ते नुसत्या गोष्टीमुळे होत नाही. खेळाडूंनी काहीही ठरवलं तरी घडायचं तेच घडतं, तेव्हा होतं. पण गोष्टीला तीच चार-पाच माणसं दर वेळी लागतात.

ती मिळत नसतील, तर गेम मास्टर बेन रॉबिन्स यांच्या वेस्ट मार्चेस या सँडबॉक्स कॅम्पेनची पद्धत बघा. ठरलेली वेळ नाही, ठरलेली पार्टी, म्हणजे पात्रांचा गट, नाही, ठरलेलं कथानक नाही. ज्यांना जमेल ते जमतात, कुठे जायचं ते आधी सांगतात, म्हणजे गेम मास्टरला तेवढाच भाग तयार करावा लागतो. गाव सुरक्षित, आणि गावापासून जितकं लांब तितका धोका जास्त. सेशन संपताना पार्टी गावात परत. मग जो आला नाही, त्याचं पात्र गावातच होतं, एवढं पुरतं. यात पात्रांची आपसातली नाती मात्र विरळ होतात, हे मी अनुभवलंय.

माझ्या दुसऱ्या कॅम्पेनमध्ये सगळ्यांचा एकच नकाशा होता. पहिल्या कॅम्पेनमध्ये त्या रात्री न आलेला खेळाडू यातही महिन्यातून एकदाच यायचा. एकदा त्याला पुलाच्या खुणेशेजारी कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं, ‘खालून आवाज येतो. एकट्याने जाऊ नका.’ त्याने तिथूनच तिघांना फोन लावले.