मास्टर्स की पीएमपी: माझा अनुभव आणि अडलेली एक सही

मी सिव्हिल इंजिनिअर आहे. 2015 साली पदवी घेतल्यानंतर पुण्यात आणि पुण्याच्या आसपास इमारतींच्या व पाणीपुरवठ्याच्या कामांवर आधी साइट इंजिनिअर आणि पुढे प्लॅनिंग इंजिनिअर म्हणून मी काम केले. 2022 मध्ये प्रोजेक्ट मॅनेजरच्या पदासाठी मुलाखती देऊ लागले, तेव्हा तीनपैकी दोन ठिकाणी मला एकच प्रश्न विचारला गेला, की व्यवस्थापनाचे तुमचे शिक्षण काय. तेव्हापासून प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये मास्टर्स करावे की पीएमपीची (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल या व्यावसायिक प्रमाणपत्राची) परीक्षा द्यावी, हा विचार डोक्यात सुरू झाला.

मास्टर्सची ओढ मला अधिक होती, हे मी मोकळेपणाने सांगते. पुण्यातच बालेवाडीला निकमार आहे, जिथे बांधकाम व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम चालतो. एम.टेक.चाही पर्याय होता, पण त्याच्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेचा गुणांक तीनच वर्षे चालतो आणि माझा 2015 चा होता, म्हणजे परीक्षा नव्याने द्यावी लागणार होती. खरी अडचण मात्र पगाराची होती. घराचा हप्ता सुरू असताना दोन वर्षे बिनपगारी राहणे आम्हाला परवडण्यासारखे नव्हते आणि सात वर्षे साइटवर काढल्यानंतर कामांच्या वेळापत्रकाचा बार चार्ट कसा करायचा हे वर्गात बसून पुन्हा शिकण्यात मला फारसा अर्थ दिसेना. ज्यांची नोकरी एक-दोन वर्षांचीच झाली आहे, ज्यांना क्षेत्र बदलायचे आहे किंवा परदेशात शिकून तिथेच स्थिरावायचे आहे, त्यांनी मास्टर्स करावे, असे माझे आजही स्पष्ट मत आहे. पदवी एकदा मिळाली की आयुष्यभराची असते. पीएमपी मात्र दर तीन वर्षांनी 60 पीडीयू, म्हणजे शिक्षणाचे आणि व्यावसायिक योगदानाचे तास, दाखवून टिकवावी लागते.

पीएमपीची पात्रता साधी वाटते. मी अर्ज केला तेव्हा ती अशी होती: चार वर्षांची पदवी, गेल्या आठ वर्षांतील प्रकल्पांचे नेतृत्व केल्याचा 36 महिन्यांचा अनुभव आणि प्रकल्प व्यवस्थापनाचे 35 तासांचे प्रशिक्षण. प्रशिक्षण मी शनिवार-रविवार करून पूर्ण केले. अनुभवाचे महिने मोजताना एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी: एकाच काळात दोन प्रकल्प चालू असतील, तर तो महिना एकदाच धरला जातो. माझे सध्याच्या कंपनीतील 20 महिने आणि पहिल्या कंपनीतील एका प्रकल्पाचे 22 महिने, असे 42 महिने भरत होते. प्रत्येक प्रकल्पात मी नेमके काय केले ते लिहिले, अर्ज काही दिवसांत मंजूर झाला आणि मी शुल्क भरले. त्याच दिवशी ईमेल आला की माझा अर्ज ऑडिटसाठी, म्हणजे अर्जातील माहितीच्या कागदोपत्री पडताळणीसाठी, निवडला गेला आहे.

ही निवड सरसकट नसते. अर्जांतून काही अर्ज निवडले जातात आणि त्यांत आपला असेल की नाही हे आधी कळत नाही. निवड झाली की ऑडिट पूर्ण होईपर्यंत परीक्षेची तारीख घेता येत नाही. पदवीची प्रत, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि आपल्या कामाच्या वर्णनाला दुजोरा देणारे म्हणून अर्जात ज्यांची नावे दिली त्यांच्या त्या वर्णनावर सह्या, हे सर्व 90 दिवसांत सादर करायचे असते. सध्याच्या साहेबांनी दुसऱ्याच दिवशी सही केली. पहिल्या कंपनीच्या 22 महिन्यांसाठी मी तेव्हाच्या प्रोजेक्ट मॅनेजर सरांचे नाव आणि त्यांचा कंपनीचा ईमेल दिला होता. तो ईमेल परत आला. सर दोन वर्षांपूर्वीच कंपनी सोडून गेले होते आणि त्यांचा माझ्याकडचा फोन नंबरही बंद होता.

मी त्या कंपनीच्या एचआर विभागाला लिहिले. आठ दिवस उत्तर नाही. फोन केला तर ईमेल करा म्हणाले आणि ईमेल केला तर संबंधित व्यक्ती रजेवर आहे असे कळले. शेवटी अर्धा दिवस रजा टाकून मी स्वतः गेले. तिथे मला सांगण्यात आले की कंपनी केवळ पद आणि नोकरीच्या तारखा असलेले अनुभवपत्र देते, कामाच्या वर्णनावर कोणीही सही करणार नाही, ते धोरणात बसत नाही. मी विनंती केली की त्या इमारतीचा पायलिंगपासून आठव्या स्लॅबपर्यंतचा साप्ताहिक आराखडा मी केला आहे, प्रत्येक अहवालावर माझे नाव आहे, निदान ते अहवाल तरी पाहा. समोरच्या बाईंनी माझा कागद वाचलासुद्धा नाही, घडी घालून माझ्या हातात परत दिला. चार वर्षे उन्हातान्हात ज्या कंपनीसाठी राबले, तिच्या दारात आपलेच काम सिद्ध करण्यासाठी असे उभे राहावे लागले, याचा राग अजून गेलेला नाही. पुढे आणखी तीन ईमेल पाठवले. त्यांतल्या एकाचे उत्तर आले आणि त्यात तेच अनुभवपत्र जोडलेले होते.

या धावपळीत मला एक गोष्ट उशिरा कळली, ती तुम्ही आधीच लक्षात घ्या: सही एचआरची असावी असा नियम नाही. तुमचे काम प्रत्यक्ष पाहिलेली व्यक्ती लागते, आणि ती कंपनीत आजही असलीच पाहिजे असे नाही. म्हणून मी जुन्या साइटवरच्या लोकांना एकेक करून फोन लावले. सेंट्रिंगच्या ठेकेदाराकडे नंबर मिळाला नाही, पण आमच्या स्टोअरकीपर काकांकडे सरांचा आखातातला नंबर होता. सर सुट्टीवर कराडजवळ आपल्या गावी येणार होते. मी पहाटेच्या एसटीने निघाले. ओसरीवर बसून त्यांनी चष्मा लावला आणि संपूर्ण वर्णन ओळ न ओळ वाचले. एका ठिकाणी थांबून विचारले, “रेडीमिक्स काँक्रीटचा पुरवठा तुटला तेव्हाचं नियोजन तू केलंस असं लिहिलंयस. तिसऱ्या स्लॅबचं ना?” मी म्हटले, “नाही सर, पाचव्या.” ते म्हणाले, “बरोबर, पाचवाच. रात्री दोनपर्यंत थांबलो होतो आपण.” आणि त्यांनी सही केली. तो 71 वा दिवस होता. परतीच्या गाडीत मी ती पानांची पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

पदवीच्या प्रतीचे सांगायचे राहिले. माझ्याकडे दीक्षान्त प्रमाणपत्र होते म्हणून निभावले; पण आपल्याकडे अनेकजण शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका घेऊन थांबतात आणि पदवी प्रमाणपत्रासाठी विद्यापीठात अर्जच करत नाहीत. ते हातात असल्याशिवाय पीएमपीचा अर्ज भरू नये. तसेच ज्यांची नावे देणार, त्यांना आधी फोन करून विचारावे आणि त्यांचा वैयक्तिक ईमेल घ्यावा.

कागद पोहोचल्यावर आठवड्याभरात ऑडिट मंजूर झाले. परीक्षा 180 प्रश्नांची आणि 230 मिनिटांची होती, मध्ये दहा-दहा मिनिटांच्या दोन विश्रांती होत्या आणि विश्रांतीनंतर मागच्या प्रश्नांकडे परत जाता येत नव्हते. तेव्हा सुमारे निम्मे प्रश्न ॲजाइल (काम छोट्या टप्प्यांत करत आराखडा बदलत नेण्याची पद्धत) आणि मिश्र पद्धतींवर होते, त्यामुळे बांधकामातल्या माणसाने तो भाग नव्यानेच शिकायचा आहे असे धरून दोन महिने जास्त द्यावेत. मी पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झाले आणि त्याचा मला अभिमान आहे. मास्टर्सचा विचार मी सोडलेला नाही, हप्ते फिटल्यावर तो पुन्हा करेन.

मागच्या महिन्यात आमच्या साइटवरून दोन तरुण इंजिनिअर नोकरी सोडून गेले. निघण्यापूर्वी दोघांना समोर बसवून त्यांनी केलेल्या कामाचे वर्णन लिहून घेतले, साप्ताहिक अहवालांशी ताडून पाहिले, खाली सही केली आणि माझा घरचा पत्ता व वैयक्तिक ईमेल लिहून दिला.